गोळी थांबवली, पाळी का थांबली?

सदर : तब्येतीची विचारपूस

गेल्या अंकात गुडघेदुखीवर लिहिले, तर मंडळाच्या पिकनिकमध्ये निम्म्या लोकांनी मला गाठून, पँटचा पाय वर करून तिथल्या तिथे गुडघे दाखवले. या वेळच्या विषयावर असे चारचौघांत कुणी गाठणार नाही याची मला खात्री आहे. हा विषय आपल्याकडे स्वयंपाकघरात, भांडी विसळता विसळता, नळाच्या आवाजाआड बोलायचा. म्हणूनच तो एकदा छापील पानावर यावा असे वाटले.

निमित्त एका पत्राचे. लिहिणारी मुलगी ३३ वर्षांची. (मुलगी म्हणते, कारण माझ्या वयाला ती मुलगीच.) लग्न होऊन इकडे आली तेव्हा २६ वर्षांची होती. आधी नवऱ्याच्या व्हिसावर घरी बसणे, मग मास्टर्स, मग नोकरी, मग ग्रीन कार्डाची रांग, मग घर. शेवटी "आता मूल होऊ द्यायचं" असे दोघांनी ठरवले आणि जानेवारीत तिने गोळ्या बंद केल्या. सात वर्षे पंचांगात लिहून ठेवल्यासारखी येणारी पाळी शेवटचे पाकीट संपल्यावर एकदा आली, आणि नंतर चार महिने आलीच नाही. दिवस राहिले म्हणावे, तर घरी केलेली टेस्ट तीनदा निगेटिव्ह.

आईला फोनवर सांगितले. आई म्हणाली, "तरी मी सांगत होते, इतकी वर्षं त्या गोळ्या घेऊ नकोस. अंगात साठतात त्या." सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, आणि ते तिला जास्त लागले. पत्राच्या शेवटी तिने एकच प्रश्न विचारला आहे : "मी माझ्या हातानं माझं नुकसान करून घेतलं का?"

आधी उत्तर देते, मग कारणे सांगते. नाही. तुझ्या हातून काहीही वाईट झालेले नाही. पण चार महिने पाळी आली नाही ही गोष्ट "येईल हळूहळू" म्हणून सोडून देण्यासारखीही नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, तेच आज सांगायचे आहे.

गौरी-गणपतीत किंवा घरच्या कार्यात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपल्यापैकी पुष्कळजणींनी कधी ना कधी घेतल्या आहेत. त्या गोळ्या चालू असेतो पाळी येत नाही. विसर्जन झाले, गोळी बंद केली, की दोन-तीन दिवसांत येते. का येते? गोळीतल्या हार्मोनने गर्भाशयाचे अस्तर धरून ठेवलेले असते. हार्मोन काढून घेतले की ते गळून पडते. एवढेच. त्या महिन्यात स्त्रीबीज तयार झाले की नाही, याच्याशी त्या रक्तस्रावाचा संबंध नसतो.

संततिनियमनाच्या गोळ्यांचेही असेच आहे. पाकिटातल्या शेवटच्या काही गोळ्या बहुधा नुसत्या साखरेच्या किंवा लोहाच्या असतात. त्या आठवड्यात हार्मोन मिळत नाही म्हणून अंगावरून जाते. आपण तिला पाळी म्हणतो, पण ती पाळीची नक्कल आहे. अमेरिकेत 'एनोव्हिड' नावाची पहिली गोळी १९५७ मध्ये पाळीच्या तक्रारींसाठी आणि १९६० मध्ये संततिनियमनासाठी मंजूर झाली. ग्रेगरी पिंकस आणि डॉ. जॉन रॉक यांनी तिचे वेळापत्रकच असे ठेवले, की दर महिन्याला स्राव यावा आणि बायकांना सगळे नेहमीसारखे वाटावे. तेव्हा सात वर्षे पंचांगासारखी येत होती ती पाकिटाची पाळी. तुमची स्वतःची पाळी कशी आहे, हे त्या सात वर्षांत कुणालाच कळलेले नसते.

मग या काळात अंडाशय काय करत असतात? माझ्या पेशंट्सना मी डब्याचे उदाहरण देते. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते. ती दर महिन्याला अंडाशयांना हुकूम सोडते : बीज पिकवा, हार्मोन तयार करा. गोळीतून रोज आयते हार्मोन मिळू लागले, की ती हुकूम सोडत नाही. घरी डबा लावला की चूल पेटवत नाहीत ना, तसे. डबा बंद केला, की चूल पुन्हा पेटवावी लागते. कुणाची पहिल्या काडीला पेटते, कुणाची लाकडे जरा ओली असतात, चार दिवस धूर होतो. पण डबा लावला होता म्हणून चूल मोडत नाही.

आणि साठण्याचे म्हणाल, तर रोजच्या गोळीतले हार्मोन काही दिवसांत शरीरातून निघून जाते. म्हणून तर एखादी गोळी विसरली की धावपळ करावी लागते! साठत असते तर विसरायला काय हरकत होती? आईच्या पिढीची भीती अगदीच निराधार होती असे मात्र मी म्हणणार नाही. 'एनोव्हिड'च्या त्या पहिल्या गोळीत इस्ट्रोजेन १५० मायक्रोग्रॅम असे, आजच्या बहुतेक गोळ्यांत ते २० ते ३५ असते. तेव्हाच्या मळमळीच्या, चक्करच्या गोष्टी खऱ्या होत्या. गोळ्या बदलल्या, गोष्टी मात्र तशाच राहिल्या.

आता आकडे. युरोपातल्या एका मोठ्या पाहणीत (२००९) गोळ्या बंद करून मूल हवे असलेल्या १०० स्त्रियांपैकी २१ जणींना पहिल्याच चक्रात दिवस राहिले, आणि वर्षभरात ७९ जणींना. गोळी कधीच न घेतलेल्या स्त्रियांचे आकडेही साधारण याच घरातले असतात. २०२० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अमेरिका, कॅनडा आणि डेन्मार्कमधल्या सुमारे १८ हजार स्त्रियांचा अभ्यास आला. त्यात असे दिसले, की गोळी किंवा रिंग बंद केल्यावर गर्भधारणेची शक्यता पूर्ववत व्हायला साधारण ३ चक्रे लागतात, पॅचनंतर ४, आणि गर्भाशयातले साधन किंवा दंडातली कांडी काढल्यावर २. त्यानंतर सगळ्याजणी एका पातळीवर येतात. किती वर्षे वापरले, याने फारसा फरक पडत नाही. सात वर्षांची शिक्षा सात महिने, असा हिशेब निसर्गाच्या वहीत नाही.

याला एक अपवाद, तो लक्षात ठेवा : तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन. इथे ते 'डेपो' म्हणून ओळखतात. भारतात सरकारने २०१७ पासून 'अंतरा' नावाने ते दवाखान्यांतून द्यायला सुरुवात केली. हे औषध मात्र स्नायूत खरेच साठून राहते आणि सावकाश उतरते. शेवटच्या इंजेक्शनपासून दिवस राहायला सरासरी १० महिने लागतात, काहींना त्याहून जास्त. यानेही कायमचे नुकसान होत नाही, पण वर्ष-दीड वर्षात मूल हवे असेल तर हे इंजेक्शन घेऊ नये.

तर मग आपल्या पत्रलेखिकेची पाळी कुठे गेली? मी तिला उलट एकच प्रश्न विचारला : "गोळ्या सुरू करायच्या आधी तुझी पाळी कशी होती?" उत्तर आले : "कॉलेजात असताना दोन-अडीच महिन्यांनी यायची. हनुवटीवर केस यायचे. पुण्यातल्या डॉक्टरांनी पाळी रेग्युलर करायला म्हणून गोळ्या दिल्या. लग्नानंतर त्याच पुढे चालू ठेवल्या."

बघा! चूल आधीपासूनच धड पेटत नव्हती. डबा आला, आणि घरात कुणालाच त्याचा पत्ता लागला नाही. हिला बहुधा पी.सी.ओ.एस. असणार असे मला वाटले, आणि तपासण्यांत तेच निघाले. अंडाशयात बीज पूर्ण पिकत नाही, पाळी लांबते, नको तिथे केस येतात, बहुधा वजन वाढते, पुढे मधुमेहाकडे कल राहतो, असे त्याचे साधारण रूप. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी त्याचे वर्णन १९३५ मध्ये केले, म्हणजे गोळी जन्माला येण्याच्या कितीतरी आधी. जगात १०० पैकी ६ ते १३ स्त्रियांना हे असते असा अंदाज आहे. गोळीने पी.सी.ओ.एस. होत नाही. गोळी त्याच्यावर चादर घालते. चादर काढली की खालचे दिसते, आणि दोष चादरीला मिळतो.

अशा आणखीही गोष्टी चादरीखाली राहतात. मुरमे, पाळीतली पोटदुखी, अंगावरून जास्त जाणे, पाळीआधीची चिडचिड : गोळीने दबलेले पुन्हा डोके वर काढते. थायरॉइड बिघडलेले असू शकते. प्रोलॅक्टिन नावाचे हार्मोन वाढलेले असू शकते. वजन एकदम उतरले, व्यायामाचा अतिरेक झाला, नोकरी गेल्याचा ताण असला, तरी मेंदू अंडाशयांना हुकूम सोडत नाही. आणि क्वचित, चाळिशीच्या आतच अंडाशयांचे काम मंदावलेले असते. यातले बरेच साध्या रक्ततपासणीत कळते आणि उपचार आहेत. पी.सी.ओ.एस.मध्ये बीज पिकवण्यासाठी आज बहुधा लेट्रोझोल नावाची गोळी देतात, आणि वजन थोडे उतरवले तरी कित्येकींची पाळी सुधारते.

आता दुसरी गोष्ट सांगते. ती सांगावी की नाही यावर मी बराच विचार केला. काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आल्या. ३४ व्या वर्षी त्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या. पाळी दोन महिन्यांत नियमित सुरू झाली, पण दिवस राहीनात. कुणीतरी सांगितले, "जितकी वर्षं गोळ्या घेतल्यास, तितके महिने अंग स्वच्छ व्हायला लागतात." त्या थांबल्या. भारतात जाऊन काढे झाले, उपास झाले. सगळे त्यांनी मुकाट्याने केले, कारण चूक आपलीच आहे असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते. चूक आपली असली की माणूस डॉक्टरकडे जात नाही, प्रायश्चित्त घेत बसतो.

माझ्याकडे आल्या तेव्हा ३७ संपले होते. आम्ही दोघांच्याही तपासण्या केल्या. त्यांच्यात सांगण्यासारखे काही निघाले नाही. त्यांच्या यजमानांचे शुक्राणू फार कमी होते. तीन वर्षांत त्यांची तपासणी कुणी सुचवली नव्हती, त्यांच्या मनातही आली नव्हती. पुढे दोनदा आय.व्ही.एफ. केले, दोन्ही वेळा यश आले नाही. ३४ व्या वर्षी आल्या असत्या तर नक्की मूल झाले असते असे मी म्हणणार नाही. पण शक्यता जास्त होती, आणि ती गोळीने हिरावली नाही. ती त्या तीन वर्षांच्या अपराधी वाटण्याने हिरावली.

कारण गोळी बीज थांबवते, घड्याळ थांबवत नाही. "इतकी वर्षं बीजं वापरलीच नाहीत म्हणजे शिल्लक असतील," असेही मला काहीजणी हसून सांगतात. तसे नसते. जन्मतः मिळालेली बीजे गोळी घेतली तरी न घेतली तरी कमी होतच जातात, आणि पस्तिशीनंतर वेग वाढतो.

तेव्हा करायचे काय, ते आता क्रमाने सांगते. कापून फ्रिजवर लावले तरी चालेल. पाहुणे यायच्या आधी काढून ठेवा म्हणजे झाले.

१. मूल हवे असे ठरले की गोळ्या बंद करायच्या आधी एक महिना तरी फॉलिक अ‍ॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम सुरू करा. बाळाचा मणका आणि मेंदू यांचा पाया गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांत, म्हणजे बहुधा तुम्हाला कळायच्या आतच, घातला जातो.

२. गोळ्या बंद केल्यावर "अंग स्वच्छ होण्यासाठी" थांबायची गरज नाही. पहिल्याच महिन्यात दिवस राहिले तरी त्यामुळे गर्भपाताचा किंवा बाळात व्यंगाचा धोका वाढत नाही.

३. उलट, मूल नको असेल आणि दुसऱ्या कारणाने गोळी सोडत असाल, तर त्या दिवसापासून दुसरे साधन वापरा. बीज दोन आठवड्यांतही सुटू शकते, म्हणजे पाळी यायच्या आधीच दिवस राहू शकतात.

४. पहिले दोन-तीन महिने पाळी मागे-पुढे झाली तर घाबरू नका. तारखा मात्र लिहून ठेवा. कालनिर्णयवर पूर्वी बायका एक बारीक फुली करत असत, ती पद्धत उत्तम होती.

५. तीन महिने पाळी आलीच नाही, तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट आणि मग डॉक्टर. सोबत गोळ्यांआधीच्या पाळीची हकीकत घेऊन जा. ती माहिती महागड्या तपासण्यांइतकीच मोलाची असते.

६. छातीतून दूध येणे, डोके दुखून नजर अंधुक होणे, अंगातून गरम वाफा निघणे, यांतले काही असेल तर तीन महिनेही थांबू नका. टेस्ट पॉझिटिव्ह असून पोटात एका बाजूला जोरात दुखले, तर त्याच दिवशी जा.

७. पाळी नियमित आहे पण दिवस राहत नाहीत, तर ३५ च्या आतील स्त्रीने एक वर्ष, ३५ च्या पुढे सहा महिने, आणि चाळिशी उलटली असेल तर न थांबता तपासणी करावी. तपासणी दोघांची! मूल न होण्यात पुरुषाकडचे कारण तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जोडप्यांत सापडते. तिच्या सोनोग्राफ्या आणि रक्ताच्या बाटल्यांपुढे त्याची तपासणी म्हणजे एक कप आणि पाऊण तास. यजमानांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

८. अंडाशयातला बीजसाठा मोजणारी ए.एम.एच. नावाची तपासणी गोळ्या चालू असताना केली तर आकडा खोटा कमी येऊ शकतो. तो पाहून कुणी रडू नये. गोळ्या थांबवून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करावी.

आणि एक, भारतातून येणाऱ्या पुड्यांबद्दल. आयुर्वेदाबद्दल मला अनादर नाही, माझे बाळंतपण डिंकाच्या लाडवांवरच झाले. पण भस्मे आणि नाव नसलेल्या गोळ्या यांत कधीकधी शिसे असते. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात ६ गरोदर स्त्रियांच्या रक्तात जास्त शिसे सापडले, आणि सगळ्यांनी भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधे घेतली होती. शिसे वारेतून बाळापर्यंत जाते. प्रेमाने पाठवलेले असले तरी, मूल हवे असताना काय घेताय ते डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका.

आता तर इथे एक गोळी प्रिस्क्रिप्शनशिवायही मिळते. २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि २०२४ पासून दुकानांत आली. चांगलेच आहे. पण म्हणजे गोळी सुरू करताना "तुझी पाळी कशी असते गं?" हे विचारणारे कुणी उरले नाही. तो प्रश्न आता घरच्यांनीच विचारायला हवा.

आणि आपण तो विचारू शकतो. र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले ते १९२१ मध्ये, आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक २६ वर्षे चालवले, तेही मराठीत. त्यापायी नोकरी गेली, खटले झाले. ज्या भाषेत शंभर वर्षांपूर्वी हे छापले गेले, त्या भाषेत आज आईला आणि लेकीला फोनवर बोलता येऊ नये?

पत्रलेखिकेचे उपचार सुरू झाले आहेत. तिला अजून दिवस राहिलेले नाहीत, आणि हा अंक तुमच्या हाती पडेपर्यंत राहतील असे वचन मी देऊ शकत नाही. पण तिचा परवा फोन आला होता. तपासण्यांचे निकाल तिने आईला सांगितले. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, माझीसुद्धा पाळी तशीच लांबायची. तू झालीस ती लग्नानंतर सहा वर्षांनी. तेव्हा कुठल्या आल्यात गोळ्या?"

ती हे सांगताना हसत होती. थोडी रडतही होती. "आईनं हे मला आधी कधीच का नाही सांगितलं?" असे तिने मला विचारले. याचे उत्तर वैद्यकात नाही. पण ज्यांच्या घरी वयात आलेल्या मुली आहेत त्यांना सांगते, आपापली हकीकत वेळेवर सांगून टाका.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या डॉक्टरांना तुमची प्रकृती माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पुढच्या अंकात पाळी जाण्याच्या वयाबद्दल. प्रश्न संपादकांकडे पाठवावेत. नाव छापले जाणार नाही.)